रकाना कोणी आखायचा?

सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत डावीकडून उजवीकडे ठरलेले रकाने असतात. दाखल दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, आवृत्ती, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत, पुस्तक कुठून आलं, बिलाचा क्रमांक, वर्गांक आणि शेवटी शेरा. छापील वहीत या रकान्यांवर नियम लिहिलेले नसतात. किमतीच्या रकान्यात कोणी लेखकाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला कळतं. एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांवर पडू नये, हे रॅकवर पुस्तकं लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. संगणकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. प्रत्येक रकान्यात काय बसेल, काय बसणार नाही, किती बसेल, रिकामं ठेवलं तर चालेल का, हे त्याला पहिली नोंद भरण्याआधी सांगावं लागतं. या सांगण्यालाच डेटाबेसच्या भाषेत फील्डचा डेटा टाइप ठरवणं आणि त्याच्या प्रॉपर्टी भरणं म्हणतात.

मी तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर आजूबाजूच्या लहान ग्रंथालयांना नोंदी संगणकावर आणायला मदत करते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात. यातल्या क आणि ड दर्जाच्या ग्रंथालयांत मी जास्त जाते. तिथे एक संगणक असतो, इंटरनेट असलं तर असतं आणि एकटी ग्रंथपाल देवघेवीपासून वार्षिक अहवालापर्यंत सगळं बघते. अशा ठिकाणी एकाच संगणकावर चालणारा डेटाबेस पुष्कळ असतो. बहुतेकांकडे ऑफिसबरोबर आलेलं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस असतं. ते पहिल्यांदा १९९२ साली बाजारात आलं. ज्यांना पैसे खर्चायचे नाहीत त्यांच्यासाठी लिबरऑफिसमधलं बेस आहे, ते फुकट मिळतं. पुढे मी ॲक्सेसबद्दल बोलते आहे, पण त्यातला विचार दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

हे काम बहुतेक वेळा गावातल्या संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलावर सोपवलेलं मी पाहते. तो मुलगा हुशार असतो, ॲक्सेस त्याला उत्तम येतं. पण पुस्तकाच्या एका प्रतीवर दुसरीच्या दाखल क्रमांकाचा शिक्का का पडत नाही, हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. माझं ठाम मत आहे, की रकान्याचा प्रकार ठरवणं हे ग्रंथपालाचं काम आहे. बटणं मुलाने दाबावीत, निर्णय ग्रंथपालाने घ्यावेत. का, ते एकेका रकान्यावरून सांगते.

ॲक्सेसमध्ये नवं टेबल डिझाइन व्ह्यूत उघडलं, की पडद्याचे दोन भाग होतात. वरच्या भागात प्रत्येक ओळीत रकान्याचं नाव, त्याचा डेटा टाइप आणि वर्णन. एखाद्या ओळीवर कर्सर नेला की खालच्या भागात त्या रकान्याच्या प्रॉपर्टी दिसतात: फील्ड साइझ, फॉरमॅट, इनपुट मास्क, कॅप्शन, डिफॉल्ट व्हॅल्यू, व्हॅलिडेशन रूल, रिक्वायर्ड, इंडेक्स्ड वगैरे. डेटा टाइपची यादीही लांबलचक नाही. २५५ चिन्हांपर्यंतचा शॉर्ट टेक्स्ट, मोठ्या मजकुरासाठी लाँग टेक्स्ट, नंबर, पैशासाठी करन्सी, डेट/टाइम, येस/नो, आपोआप वाढणारा ऑटोनंबर आणि आणखी थोडे. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो ठेवायला अटॅचमेंट नावाचा प्रकार आहे, पण त्याचा मोह टाळावा. ॲक्सेसची एक फाइल जास्तीत जास्त २ जीबीपर्यंतच वाढू शकते आणि फोटो ती जागा लवकर खातात.

पहिला प्रश्न मी प्रत्येक ग्रंथपालाला हाच विचारते: या रकान्यातल्या आकड्यांची तुम्ही कधी बेरीज करणार आहात का? उत्तर नाही असं आलं, तर तो रकाना अंकांनी भरलेला असला तरी सहसा टेक्स्ट असावा. सभासदाचा मोबाइल नंबर घ्या. दहा अंकी आहे म्हणून कोणी नंबर निवडतं. नंबरमध्ये न बदलता मिळणारी फील्ड साइझ असते लाँग इंटिजर, आणि तिची वरची मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. नऊने सुरू होणारा मोबाइल नंबर त्यात बसतच नाही. मग कोणीतरी साइझ बदलून डबल करतं, तो बसतो, आणि सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला. पण हाच उपाय पुढे बँक खात्याच्या क्रमांकाला लावला, की त्याच्या सुरुवातीची शून्यं उडून जातात, कारण संख्येला सुरुवातीच्या शून्याचं कौतुक नसतं. आयएसबीएनचं तसंच. इंग्रजी पुस्तकांचा जुना दहा अंकी आयएसबीएन कित्येकदा शून्याने सुरू होतो, आणि कोणत्याही दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी एक्स हे अक्षर असू शकतं. पिनकोड नंबरमध्ये बसेल, तक्रार येणार नाही. तरी मी तो टेक्स्टच ठेवते, कारण ४१५पासून सुरू होणारे सगळे सभासद काढा, असं कधीतरी विचारायचं असतं आणि ते टेक्स्टला सहज विचारता येतं.

पृष्ठांच्या रकान्याबद्दल तो मुलगा हमखास म्हणतो, पानं म्हणजे नंबर. दाखल नोंदवही उघडून बघितली की तिथे १२+३४८ असं लिहिलेलं सापडतं. बारा पानांची प्रस्तावना वेगळ्या अंकांनी छापलेली, मग ३४८ पानांचा ग्रंथ. ही ग्रंथपालनाची जुनी रीत आहे. रकाना नंबर ठेवला तर नोंदी भरणारी ऑपरेटर एक तर ३६० लिहील, नाही तर ३४८. दोन्हींत मूळ नोंद हरवली. पानांची बेरीज कोणत्याही ग्रंथालयाला कधी लागत नाही. रकाना टेक्स्ट ठेवला की अधिकचं चिन्ह तिथेच राहतं.

दाखल क्रमांक मात्र खरोखर नंबर असावा. टेक्स्ट ठेवला तर क्रम लावताना १नंतर १०, मग १००, आणि त्यानंतर २ येतो. इथे फील्ड साइझकडे नीट बघावं लागतं. इंटिजर निवडलं तर मर्यादा ३२,७६७. लहान ग्रंथालयाला ती सुरुवातीला अफाट वाटते, पण पुस्तकं वाढत जातात, आणि ३२,७६८वं पुस्तक दाखल करताना पडद्यावर चूक झळकते. लाँग इंटिजर घ्यावा आणि विषय संपवावा. त्याच्या इंडेक्स्ड या प्रॉपर्टीत "होय, दुबार नको" हा पर्याय निवडला की एक क्रमांक दोनदा पडणार नाही.

मग कोणी म्हणतं, दाखल क्रमांकाला ऑटोनंबरच का नको, आपोआप वाढेल. ऑटोनंबरचा स्वभाव असा, की अर्धवट भरून सोडून दिलेल्या नोंदीचा क्रमांकही तो वापरून टाकतो आणि परत देत नाही. दाखल नोंदवहीत ४५१२नंतर ४५१४ आला, तर तपासणीला आलेले साहेब पहिला प्रश्न ४५१३व्या पुस्तकाचा विचारतील. ऑटोनंबर टेबलाच्या आतल्या कामासाठी ठेवावा, टेबलं एकमेकांना जोडायला. पुस्तकावर शिक्क्याने पडणारा क्रमांक माणसाने द्यावा.

दुबार नकोच्या पर्यायावरून एक महत्त्वाची गोष्ट. आयएसबीएन जगात एकमेव असतो, हे वाचून त्या रकान्यालाही तोच पर्याय लावलेला मी पाहिला आहे. ग्रंथालयात एका लोकप्रिय कादंबरीच्या पाच प्रती असतात. पाचांचे दाखल क्रमांक वेगळे, आयएसबीएन एकच. दुसरी प्रत भरताना संगणक नाही म्हणतो, आणि ऑपरेटर वाट काढायला शेवटचा अंक बदलून टाकते. नियमाने चूक रोखण्याऐवजी चूक करायला लावली. आयएसबीएनला इंडेक्स असावा, शोध लवकर लागतो, पण दुबार चालेल हा पर्याय निवडून. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच. त्यामुळे तो रकाना रिक्वायर्ड, म्हणजे सक्तीचाही करायचा नाही.

आता किंमत. हा माझा सगळ्यात आवडता रकाना आहे, म्हणून जरा थांबते.

रुपयाचे शंभर नवे पैसे झाले १ एप्रिल १९५७ रोजी. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. ज्या ग्रंथालयांना शंभर वर्षं झाली आहेत, त्यांच्या नोंदवहीचा जुना भाग रुपये-आण्यांत आहे. "रु. १-६-०" म्हणजे एक रुपया सहा आणे. हे संगणकात भरायचं कसं? किमतीचा रकाना नंबर ठेवून साइझ डबल घेतली, तर दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत फक्त अंदाजे साठवले जातात. दहा पैशांत वीस पैसे मिळवले तर आत कुठेतरी तीस पैशांहून कणभर जास्त निघतात. एका पुस्तकाला ते दिसत नाही, पण हजारो किमतींच्या बेरजेत आणि विशेषतः "या दोन रकमा सारख्या आहेत का" असं विचारताना ते अंगाशी येतं. करन्सी हा प्रकार यासाठीच बनवलेला आहे. तो रक्कम पूर्णांकासारखी साठवतो आणि दशांशचिन्हानंतर नेमके चार अंक ठेवतो.

आणि इथे एक सुंदर योग आहे. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, ०.०६२५. बरोबर चार अंक. म्हणजे कितीही आणे करन्सीत तंतोतंत बसतात. सहा आणे ०.३७५, अकरा आणे ०.६८७५. पै मात्र बसत नाही. रुपयाच्या १९२ पै, त्याचा भागाकार संपतच नाही. पण पुस्तकांच्या किमतींत पै क्वचितच येते, आणि आली तर मी शेऱ्यात मूळ आकडा लिहून ठेवायला सांगते.

एवढं झाल्यावर फॉरमॅटची गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण इथे बरेच जण घसरतात. फॉरमॅट फक्त दिसणं बदलतो, साठवलेलं बदलत नाही. किमतीला दोन दशांशांचा फॉरमॅट लावला तर सहा आणे पडद्यावर ०.३८ दिसतात. आत ०.३७५च आहेत. सहा-सहा आण्यांच्या आठ पुस्तिका असल्या, तर संगणक बेरीज तीन रुपये दाखवेल, आणि छापलेल्या कागदावरून हाताने बेरीज करणारा ३ रुपये ४ पैसे काढेल. दोघांपैकी संगणक बरोबर आहे, पण लेखापरीक्षकांसमोर हे सिद्ध करत बसावं लागतं. जुन्या नोंदी असलेल्या ग्रंथालयात किमतीचा फॉरमॅट चार दशांशांचा ठेवा. दिसायला जड वाटतो, पण कागद आणि संगणक जुळतात.

किमतीच्याच रकान्यात आणखी एक सापळा आहे. डिझाइन व्ह्यूत नंबर किंवा करन्सी निवडलं, की बहुतेक आवृत्त्यांत डिफॉल्ट व्हॅल्यूच्या जागी आपोआप शून्य येऊन बसतं. मग देणगीत आलेलं, किंमत न छापलेलं प्रत्येक पुस्तक शून्य रुपयांचं होतं. किंमत माहीत नसणं वेगळं आणि फुकट असणं वेगळं. सरासरी काढताना रिकामा रकाना मोजला जात नाही, शून्य मात्र मोजलं जातं आणि सरासरी खाली ओढतं. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई वसूल करताना तर शून्य किंमत पाहून सभासद हसतच निघून जाईल. ते शून्य पुसून टाकावं. रिकामं म्हणजे रिकामं.

तारखांकडे वळते. ॲक्सेस तारीख ही दिवसांच्या मोजणीच्या रूपात ठेवतं. मोजणी सुरू होते ३० डिसेंबर १८९९पासून. १ जानेवारी २००० म्हणजे ३६,५२६वा दिवस. वेळ ही त्या दिवसाचा अपूर्णांक, दुपारचे बारा म्हणजे अर्धा. १८९९च्या आधीच्या तारखा ऋण संख्येने ठेवल्या जातात, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथालयाचीही अडचण होत नाही. ही आतली मोजणी कळली की एक नेहमीची तक्रार लगेच सुटते. देवघेवीच्या तारखेला डिफॉल्ट म्हणून "नाऊ" हे फंक्शन दिलेलं असतं. ते तारखेबरोबर वेळही टाकतं. मग आजच्या तारखेला किती पुस्तकं गेली असं विचारलं की उत्तर शून्य येतं, कारण आत साठवलेला आकडा पूर्ण दिवसाचा नाही, त्याला सकाळच्या सव्वादहाचा अपूर्णांक चिकटलेला आहे. डिफॉल्टला "डेट" हे फंक्शन द्यावं.

जुन्या नोंदवह्यांत साल दोन अंकांत लिहिण्याची पद्धत होती. "१२-६-२८". ऑपरेटर समोर दिसतं तसं टाइप करते. दोन अंकी साल कोणत्या शतकातलं धरायचं, हे विंडोजच्या सेटिंगवरून ठरतं. कित्येक वर्षं ही सीमा २९ आणि ३०च्या मध्ये राहिली. २९पर्यंतचं साल एकविसाव्या शतकात, ३०पासूनचं विसाव्या. अशा सेटिंगवर १९२८ साली दाखल झालेलं पुस्तक २०२८ साली दाखल होणार असल्याचं संगणक सांगतो आणि १९३१चं बरोबर लावतो. एकाच वहीतली, जेमतेम तीन वर्षांच्या अंतरावरची दोन पुस्तकं जवळपास शंभर वर्षांनी लांब फेकली जातात. इनपुट मास्क इथे कामाचा. दिवसाला दोन, महिन्याला दोन आणि सालाला चार अंक भरल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नाही, अशी चौकट त्याने घालता येते. सोबत व्हॅलिडेशन रूलमध्ये दाखल तारीख आजच्यापेक्षा पुढची नसावी असं लिहावं.

संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल तर त्याहून वाईट प्रकार होतो. तिथे महिना आधी. ३/४/२०२४ लिहिलं तर ते ४ मार्च होतं. २५/४/२०२४ लिहिलं तर पंचविसावा महिना नाही म्हणून संगणक स्वतःच अदलाबदल करून २५ एप्रिल मानतो, आणि काहीच बोलत नाही. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या बहुतेक नोंदी चुकलेल्या, तेरापासूनच्या बरोबर. अशी मिसळ नंतर वेगळी करता येत नाही, मूळ पावत्या काढून एकेक तपासावी लागते. काम सुरू करण्याआधी विंडोजची मांडणी भारताची करावी, आणि तारखेच्या फॉरमॅटमध्ये महिना अक्षरांत दिसेल असं करावं. ऑपरेटरने आकडे भरले आणि पुढच्या क्षणी पडद्यावर मार्च दिसला, की तिला तिथेच कळतं.

प्रकाशन वर्ष मात्र तारीख ठेवू नये. पुस्तकावर फक्त साल असतं. तारखेचा रकाना दिला की कोणीतरी १ जानेवारी घालून मोकळं होतं. नंबर, साइझ इंटिजर, पुरे. पण जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेलं असतं. शके १८२० म्हणजे १८९८चं पुस्तक. ऑपरेटरने १८२० भरलं तर? मी एकदा सांगितलं होतं, की १८००पेक्षा कमी साल स्वीकारू नये असा नियम घाला. तो नियम १८२०ला सुखाने आत सोडतो. नियम अशक्य गोष्ट पकडतो. शक्य असून चुकीची असलेली गोष्ट त्याच्या हाताबाहेरची आहे. म्हणून दोन रकाने हवेत: पुस्तकावर छापलं आहे तसं साल, हा टेक्स्ट, आणि इसवी सन, हा नंबर. शकात ७८ मिळवण्याचं काम नोंद करतानाच ग्रंथपालाच्या नजरेखाली व्हावं.

देवनागरीचा प्रश्न स्वतंत्र आहे. ॲक्सेस २०००पासून युनिकोड आलं. त्याआधीचा मराठी डेटा श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फॉन्टांत आहे. तिथे आत साठवलेली अक्षरं इंग्रजी, वर फक्त मराठी आकृती. तो डेटा आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय अकारविल्हे लागत नाही, शोधही लागत नाही.

युनिकोडमध्ये लांबी मोजण्याची रीत वेगळी आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. ज्ञानेश्वर हा शब्द आपण चार अक्षरांचा मोजतो. संगणक व्यंजन, हलन्त आणि मात्रा सुटे धरतो, त्याच्या हिशेबाने ती दहा चिन्हं. ग्रंथनामाला जुन्या आवृत्त्यांत फील्ड साइझ मुळातच ५० यायची. इंग्रजीत ती चालून गेली. मराठीत उपशीर्षकासह नाव असलेला चरित्रग्रंथ अर्ध्यात तुटतो. शॉर्ट टेक्स्टची साइझ २५५ ठेवली म्हणून फाइल फुगत नाही, कारण जेवढं लिहिलं तेवढीच जागा खर्च होते. तेव्हा नाव, लेखक, प्रकाशक यांना काटकसर नको. जिथे लांबी हीच तपासणी आहे, तिथे मात्र ती नेमकी द्यावी. पिनकोड ६, पॅन १०, आयएफएससी ११. आयएफएससीचं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, आणि लोक तिथे ओ अक्षर टाकतात. इनपुट मास्कमध्ये ते शून्य पक्कं बसवून टाकलं की चूक होण्याची जागाच उरत नाही.

एक बारीक गोष्ट. ॲड. हे वकिलांचं उपपद लावलेलं नाव दोन प्रकारे टाइप होतं. अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं, किंवा ॲ हे एकच चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दिसायला दोन्ही सारखी, साठवणीत वेगळी. एका प्रकारे शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. कोणत्या कळफलकाने नोंदी करायच्या, हे ठरवून सगळ्यांनी तोच वापरावा. लेखकांच्या नावांना तर टेक्स्टचा उघडा रकाना पुरतच नाही. "पु. ल. देशपांडे", "पु.ल.देशपांडे" आणि "देशपांडे पु. ल." हे संगणकाला तीन लेखक आहेत. लेखकांचं वेगळं टेबल करून तिथून नाव निवडायला लावणं हाच मार्ग.

येस/नो हा प्रकार सगळ्यांना आवडतो, टिचकी मारली की झालं. मी तो फार कमी वापरते. ॲक्सेसमध्ये हा रकाना रिकामा राहूच शकत नाही. हो नसेल तर नाही. अजून विचारलं नाही, याला जागा नाही. "पुस्तक परत आलं का?" यासाठी येस/नो ठेवण्यापेक्षा परतीची तारीख हा रकाना ठेवावा. तारीख आहे म्हणजे आलं, रिकामी आहे म्हणजे सभासदाकडे आहे. शिवाय कधी आलं तेही मिळालं आणि विलंबशुल्क काढता आलं. परतीची तारीख देवघेवीच्या तारखेच्या आधीची नसावी, हा नियम मात्र रकान्याच्या व्हॅलिडेशन रूलमध्ये बसत नाही, कारण तिथे दुसऱ्या रकान्याचा उल्लेख चालत नाही. तो संपूर्ण टेबलाच्या प्रॉपर्टीत लिहावा लागतो.

रिक्वायर्डबद्दल माझं मत फार कडक आहे: जितके कमी तितके चांगले. सभासदाची जन्मतारीख सक्तीची केली, तर ज्या आजींना ती माहीत नाही त्यांची तारीख ऑपरेटर १ जून लिहिते. पुढे वयोगटाचा तक्ता काढला की गावात १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी दिसते. ही खोटी माहिती सक्तीने जन्माला घातलेली आहे. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, सभासदाचं नाव, अनामतीची रक्कम हे सक्तीचे असोत. बाकीचे रिकामे राहू द्यावेत. आणि जिथे नियम घातला आहे, तिथे व्हॅलिडेशन टेक्स्ट मराठीत लिहावा. न लिहिल्यास ॲक्सेस इंग्रजीत तांत्रिक वाक्य फेकतं आणि ऑपरेटर घाबरते. "अनामत रक्कम शून्यापेक्षा कमी भरली आहे. पावती पुन्हा पाहावी." एवढं पुरतं. रकान्याचं खरं नाव छोटं आणि इंग्रजी ठेवलं तरी कॅप्शनमध्ये मराठी नाव देता येतं, फॉर्मवर तेच दिसतं. वर्णनाच्या जागी लिहिलेलं वाक्य फॉर्म भरताना खालच्या पट्टीत उमटतं. तिथे सूचना द्यावी: "पृष्ठे नोंदवहीप्रमाणे, उदा. १२+३४८."

सभासदाच्या नावाचे किती रकाने, हा प्रश्न आता नव्याने आला आहे. नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन आपण कायम धरत आलो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरवलं, की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आधी बालकाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असेल. ही मुलं काही वर्षांत बालविभागात येतील. चौथा रकाना आत्ताच घालून ठेवावा, आणि मधल्या दोन्ही नावांपैकी कोणतंही सक्तीचं करू नये. आईनेच वाढवलेलं मूल असतं, नवऱ्याचं नाव न लावणारी सभासद असते. फॉर्मसमोर उभं राहून तिला कारण सांगावं लागू नये.

हे सगळं आधी का ठरवायचं, तर नंतर बदलताना किंमत द्यावी लागते. भरलेल्या रकान्याची साइझ कमी केली तर जास्तीचा मजकूर कापला जातो. टेक्स्टचा नंबर केला तर ज्या नोंदी संख्येत रूपांतरित होत नाहीत, त्यांचा त्या रकान्यातला मजकूर पुसला जातो. ॲक्सेस आधी इशारा देतं, पण हो म्हणून जतन केल्यावर परत फिरता येत नाही. नवा व्हॅलिडेशन रूल घातला की जुन्या नोंदी तपासू का, असं ते विचारतं. तेव्हा हो म्हणावं. आणि बदलाआधी फाइलची प्रत काढून ठेवावी.

माझी पद्धत अशी: टेबल आखून झालं, की पहिल्या पानापासून भरायला बसू नये. ग्रंथपालाने नोंदवह्या चाळून अडचणीच्या नोंदी निवडाव्यात. आण्यांतली किंमत, शके, दोन अंकी साल, किंमत नसलेली देणगी, एकाच कादंबरीच्या पाच प्रती, खंडांचा संच, नाव अर्धवट लिहिलेला सभासद, निर्लेखित झालेलं पुस्तक. या आधी भराव्यात. जिथे अडेल तिथे रकाना बदलावा. तेव्हा टेबल जवळपास रिकामं असतं, नुकसान काहीच नाही. सगळ्या बसल्या की ॲक्सेसच्या डेटाबेस टूल्समध्ये डेटाबेस डॉक्युमेंटर नावाची सोय आहे, ती प्रत्येक रकान्याचा प्रकार आणि प्रॉपर्टी कागदावर छापून देते. त्या कागदावर ग्रंथपालाने प्रत्येक निर्णयापुढे कारण हाताने लिहावं. उद्या बदलून येणाऱ्या ग्रंथपालाला किमतीत चार दशांश का ठेवले आणि आयएसबीएन दुबार का चालतो, हे तिथे सापडायला हवं.